डाळ न शिजवणारे पाणी

(अमळनेर येथे एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

अमळनेरात बोअरच्या पाण्याचा विषय काढला की पहिली तक्रार स्वयंपाकघरातून येते. या पाण्यात दाळ शिजत नाही. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी तुरीचा दाणा दाताखाली लागतो, मग चिमूटभर सोडा घालावा लागतो. पाठोपाठ दुसरी तक्रार येते ती न्हाणीघरातून : साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर बसतो, गिझरची कॉइल दोन वर्षांत जाते. नळाला तापी किंवा बोरी नदीचे पाणी आले की घरातल्या बाईचा चेहरा खुलतो, कारण त्या दिवशी दाळ एकजीव होते. खान्देशातली ‘दाय’ अशी पाण्याच्या मर्जीवर शिजते.

या साऱ्याला कारण एकच, पाण्यात विरघळलेला चुना. डाळीच्या सालीखालचा चिकट भाग कॅल्शियमशी जखडला जातो आणि मऊ व्हायचे नाव घेत नाही. हा चुना येतो पायाखालच्या जमिनीतून. तापीच्या काठचा गाळ खणला की बोराएवढे, कधी लिंबाएवढे पांढरे खडे लागतात. शेतकरी त्यांना चुनखडीचे खडे म्हणतो आणि शिव्या घालून बांधावर फेकतो. काळ्या जमिनीच्या माती परीक्षणाच्या अहवालात सामू (पीएच) साताच्या वर, बहुतेकदा आठाच्या आसपास लिहिलेला असतो. केळीचा बागायतदार या आकड्याने वैतागतो, कारण त्यापायी लोह आणि जस्त पिकाला लागू पडत नाही.

हाच चुना, हाच वैताग जगात काही ठिकाणी लोकांनी पोत्यांनी विकत घेतला आहे. होड्यांमधून तळ्यांत ओतला आहे, हेलिकॉप्टरने जंगलावर टाकला आहे, नदीकाठी यंत्रे बसवून रात्रंदिवस पाण्यात सोडला आहे. तिथल्या ओढ्यांत मासा उरला नव्हता आणि तो परत आणायचा होता.

ही गोष्ट आंबट पावसाची आहे. शाळेच्या पुस्तकात तिला ‘आम्लवर्षा’ म्हणतात, आणि दहावीचा मुलगा ताजमहालाचा पिवळा पडलेला संगमरवर लिहून दोन गुण मिळवतो. ओढा त्या उत्तरात येत नाही.

पाऊस मुळात किंचित आंबटच असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड थेंबात विरघळतो आणि स्वच्छ पावसाचा सामू ५.६ च्या आसपास राहतो. कोळसा जळला की त्यातल्या गंधकाचा धूर होतो आणि ढगात त्याचे गंधकाम्ल होते. मोटारी आणि भट्ट्यांच्या धुरातून नत्राम्ल तयार होते. सामूचा आकडा एकाने उतरला की आंबटपणा दसपट होतो, दोनाने उतरला की शंभरपट. हा हिशेब लक्षात न घेतल्याने ‘साडेपाचाचा साडेचार झाला, त्यात काय एवढे’ असे वाटते.

मँचेस्टरच्या कापडगिरण्यांच्या धुरात राहणाऱ्या रॉबर्ट ॲंगस स्मिथ या रसायनतज्ज्ञाने १८५२ मध्ये तिथल्या पावसातले आम्ल मोजले होते. १८७२ मध्ये त्याने हवा आणि पाऊस या विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात ‘आम्ल पाऊस’ हा शब्द वापरला. ग्रंथ कपाटात गेला. पुढची ऐंशी-नव्वद वर्षे युरोपात कोणाला त्याची आठवण झाली नाही. प्रताप मिलच्या या गावाला धुराडे म्हणजे भरभराट, हे समजावून सांगावे लागत नाही. मँचेस्टरचेही तेच होते.

मग १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर धुराचे दाट धुके बसले आणि हजारो माणसे दगावली. ब्रिटनने शहाणपण केले, १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा केला. त्याच काळात वीजकेंद्रांची धुराडीही उंच होत गेली. शहराची हवा सुधारली. धूर मात्र नाहीसा झाला नव्हता, उंच गेला होता. वरच्या वाऱ्याला लागून उत्तर समुद्र ओलांडून नॉर्वे-स्वीडनच्या डोंगरांवर उतरत होता. शेजाऱ्याच्या अंगणात केर लोटून आपले अंगण स्वच्छ करण्याचा हा प्रकार पुढे कॅनडातही झाला. ओंटारिओमधल्या सडबरी या निकेलच्या गावी १९७२ मध्ये ३८१ मीटर उंचीचे धुराडे उभे राहिले. गावाचा श्वास मोकळा झाला खरा, पण गंधक दूरवर पसरले.

नॉर्वेच्या दक्षिण भागात नद्यांमधले सामन मासे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मरू लागले होते. कोळ्यांना दिसत होते, कारण कळत नव्हते. १९६७ मध्ये स्वान्ते ओडेन या स्वीडिश मृदाशास्त्रज्ञाने एका दैनिकात लेख लिहून सगळे धागे जोडले : तळी आंबट होत आहेत, पाऊस आंबट आहे आणि तो पाऊस परदेशी धुराचा आहे. शास्त्राच्या मासिकाआधी वर्तमानपत्रात लिहिण्याचा त्याचा निर्णय काही सहकाऱ्यांना रुचला नाही. पण त्या लेखाने देश जागा केला हेही खरे.

त्या तळ्यांचे वर्णन वाचताना एक गोष्ट चटका लावते. ती मरत होती तेव्हा अतिशय सुंदर दिसत होती. पाणी निळे, काचेसारखे, तळाचा दगड न् दगड दिसावा असे. मराठीत निवळशंख पाणी म्हणजे चांगले पाणी; तिथे निवळशंख पाणी म्हणजे शेवाळ-किड्यांची वर्दळ ओसरलेले पाणी. आधी गोगलगायी जातात, कारण त्यांच्या शंखाला चुना लागतो. मग चतुरासारखे नाजूक पंख असलेले मेफ्लाय, ज्यांची पिल्ले ओढ्यातल्या दगडाखाली वाढतात. सामू पाचाच्या खाली घसरला की मातीत निपचित पडून असलेले ॲल्युमिनियम विरघळून पाण्यात येते आणि माशाच्या कल्ल्यांवर बसते. मासा आम्लाने मरतो त्याहून अधिक गुदमरून मरतो. सर्वांत वाईट आठवडा असतो वसंतातला, बर्फ वितळू लागते तेव्हाचा. हिवाळाभर साठलेले आम्ल पहिल्याच पाणलोटात एकदम ओढ्यात उतरते, आणि नेमक्या त्याच दिवसांत अंड्यांतून पिल्ले बाहेर येत असतात.

स्टॉकहोममध्ये जून १९७२ ला पर्यावरणाची पहिली मोठी जागतिक परिषद भरली. तिथले इंदिरा गांधींचे गरिबीवरचे भाषण भारतात सर्वांना माहीत असते; यजमान स्वीडनने तिथे आपल्या आंबट तळ्यांचे गाऱ्हाणे मांडले होते, ते फारसे सांगितले जात नाही. १९७९ मध्ये जिनिव्हात सरहद्दीपार जाणाऱ्या धुराबद्दल करार झाला. १९८५ मध्ये हेलसिंकीत गंधकाचा धूर तीस टक्क्यांनी घटवायचे ठरले, त्यावर ब्रिटनने सही केली नाही. अमेरिकेने १९९० मध्ये कायदा बदलला आणि वीजकेंद्रांना गंधकाच्या धुराचे परवाने एकमेकांना विकण्याची मुभा दिली. परवान्यांचा बाजार ऐकून भल्याभल्यांच्या भुवया उंचावल्या होत्या, पण एकूण धुरावरची मर्यादा कडक असल्याने तो चालला. तिथल्या वीजकेंद्रांतून निघणारे गंधक पुढच्या तीस वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. युरोपातही घट तशीच मोठी. पाऊस सुधारला.

ओढे मात्र लगेच सुधारले नाहीत. या व्याख्यानाचा मुद्दा इथून सुरू होतो.

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात हबर्ड ब्रुक नावाचे एक डोंगरी जंगल आहे. १९६३ पासून तिथे जीन लायकेन्स, हर्बर्ट बोरमन आणि त्यांचे सहकारी प्रत्येक पावसाचे पाणी आणि प्रत्येक नाल्याचे पाणी मोजत आले. पहिल्याच उन्हाळ्यात गोळा केलेल्या पावसाचा सामू ३.७ निघाला, म्हणजे स्वच्छ पावसाच्या जवळपास ऐंशीपट आंबट. कारखाना जवळपास कुठेही नाही. मोजणारे चक्रावले, पण मोजत राहिले. संशोधनाला पैसा देणाऱ्यांना ‘तेच तेच पुन्हा मोजणे’ कंटाळवाणे वाटते, हे आपल्याकडच्या प्राध्यापकांनाही ठाऊक असेल. त्या कंटाळवाण्या वह्यांमधूनच १९९६ मध्ये उत्तर सापडले. पाऊस सुधारून वर्षे झाली तरी नाल्याचे पाणी अपेक्षेइतके सावरत नव्हते, कारण मातीतला चुना संपत आला होता.

एखाद्या कुटुंबाने कर्त्याच्या आजारपणात सोने मोडून खर्च भागवावा तसे जमिनीने केले होते. आंबट पाऊस पडला की माती आपले कॅल्शियम सोडते आणि आम्ल धरते. कॅल्शियम नाल्याने वाहून जाते. जोवर पेटीत सोने आहे तोवर नाल्याला झळ लागत नाही आणि बाहेरच्याला वाटते, घर ठीक चालले आहे. हबर्ड ब्रुकखाली ग्रॅनाइटसारखा कठीण खडक. त्यातून नवे कॅल्शियम झिजून यायला शतके लागतात. अर्ध्या शतकात मातीतले वापरता येण्याजोगे कॅल्शियम निम्म्याच्या आसपास गेले असावे, असा अंदाज निघाला. आजारपण संपले, माणूस उठून बसला, पण पेटी रिकामी. पुढचा साधा तापही त्याला आडवा करणार.

म्हणून ऑक्टोबर १९९९ मध्ये तिथल्या सुमारे १२ हेक्टरांच्या एका पाणलोटावर हेलिकॉप्टरने वोलास्टोनाइट या कॅल्शियमयुक्त खनिजाच्या गोळ्या पेरण्यात आल्या. जमिनीला तिचे जुने धन परत देऊन पाहू, काय होते. मेपलची झाडे तरारली, थंडीने करपणारा स्प्रूस तगू लागला, नाल्याची आम्ल सोसण्याची ताकद वाढली. सगळे छान चालले असताना दहा-बारा वर्षांनी त्याच नाल्यात नायट्रेट कित्येक पटींनी वाढलेले आढळले. चुना मिळाल्याने मातीतले जिवाणू जोमात आले होते आणि वर्षानुवर्षे साठलेला पालापाचोळा कुजवून त्यातले नत्र मोकळे करत होते. दुरुस्तीचे बिल असे मागाहून आले. निसर्गाला ‘पूर्ववत’ करण्याची भाषा सैलपणे वापरणाऱ्यांनी हा प्रयोग वाचावा.

स्वीडन-नॉर्वेला इतकी वाट पाहणे परवडण्यासारखे नव्हते. स्वीडनने १९७० च्या दशकापासून तळ्यांत चुनखडीची भुकटी टाकायला सुरुवात केली, आणि पुढे हजारो तळी या कार्यक्रमात आली. नॉर्वेत नदीच्या काठावर सायलोसारखी टाकी उभी करतात; पाण्याची पातळी आणि आंबटपणा पाहून ती आपोआप भुकटी सोडते. तोव्हदाल नदीतला सामन विसाव्या शतकात पार नाहीसा झाला होता. १९९६ मध्ये तिथे चुना सुरू झाला, आणि काही वर्षांत मासा पुन्हा नदी चढू लागला. हे यश खरे असले तरी ते सलाइनवरचे आहे. टाकी बंद पडली आणि त्याच रात्री पूर आला, तर पिल्ले जातात. पाऊस आणि माती दोन्ही सुधारल्यावरच नळी काढता येते. अलीकडे काही ठिकाणी ती काढली जात आहे.

सडबरीची तऱ्हा वेगळी, आणि खान्देशाला जवळची वाटावी अशी. तिथे टेकड्या काळ्या, उघड्या पडल्या होत्या. १९७८ पासून विद्यार्थी आणि कामावरून कमी झालेले खाणकामगार पाठीवर चुन्याच्या गोण्या घेऊन त्या टेकड्या चढले आणि हातांनी चुना फेकत गेले. मागून गवताचे बी, मग रोपे. हजारो हेक्टर जमीन अशी हाताने सावरली. दरम्यान कारखान्यांनीही धूर मोठ्या प्रमाणावर घटवला, आणि आसपासच्या तळ्यांत मासे परतले. श्रमदानाच्या मे महिन्यात उन्हात टिकाव मारलेल्या कोणालाही त्या पोरांच्या पाठीवरचे ओझे सांगायला नको.

ओढा बरा होतो आहे हे ओळखायचे कसे? इथे पुन्हा डोळा फसतो. युरोप-अमेरिकेत गंधक घटल्यावर कित्येक तळ्यांचे आणि ओढ्यांचे पाणी तांबूस, चहासारखे होऊ लागले. लोकांनी तक्रारी केल्या, पाणीपुरवठा खात्यांची गाळण्याची कामे वाढली. आम्ल कमी झाल्याने पालापाचोळ्यातली सेंद्रिय द्रव्ये पुन्हा पाण्यात विरघळू लागली होती, एवढेच. निळे पाणी आजारी होते, तांबूस पाणी बरे होत होते. आणि जीव परततात तेही एका रांगेत नाही. सामू सुधारतो पाच-दहा वर्षांत. किडे येतात, पण सगळ्या जातीचे नाहीत. ज्याला पंख आहेत तो शेजारच्या खोऱ्यातून उडत येतो. गोगलगायीला तशी सोय नसते.

आता इथले पाहू. भारतीय हवामान खात्याची पावसाचे रसायन मोजणारी दहा ठाणी आहेत, त्यांत पुणे आणि नागपूरही येतात. पूर्वीच्या नोंदींत भारतीय पाऊस बहुतेक ठिकाणी आंबट नव्हता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले एल. टी. खेमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात त्याचे कारण दाखवले : जमिनीवरून उडणारी चुनखडीयुक्त धूळ थेंबातले आम्ल मारून टाकते. मे महिन्यात अमळनेरच्या गच्चीवरच्या गाद्यांवर बसणारी माती ही आपली हवेतली चुन्याची टाकी आहे. फुकट, आणि नॉर्वेच्या टाकीपेक्षा कितीतरी मोठी. पण १९८७ ते २०२१ या काळाच्या नोंदींचा जो ताळेबंद अलीकडे मांडला गेला, त्यात बहुतेक ठाण्यांवर सामू उतरत गेल्याचे दिसते. विशाखापट्टणम, प्रयागराज आणि आसामातले मोहनबारी इथे तर ठळकपणे.

सुरत-भुसावळ मार्गावर कोळशाच्या मालगाड्या अमळनेरकरांनी मोजल्या आहेत. दीपनगरचे वीजकेंद्र याच जिल्ह्यात, तापीच्या काठी. भारतीय कोळशात गंधक कमी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास, हे खरेच. पण कोळसा इतका जळतो की गंधकाच्या धुरात भारत चीनला मागे टाकत असल्याचे उपग्रहांच्या मोजणीवरून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने वीजकेंद्रांना गंधक शोषून घेणारी यंत्रणा दोन वर्षांत बसवायला सांगितली. मुदत वाढत गेली. जुलै २०२५ मध्ये देशातल्या तीन चतुर्थांशांहून अधिक वीजसंचांना त्यातून सूटच मिळाली. गंमत अशी की ती यंत्रणाही चुनखडीवरच चालते; चुनखडीच्या पाण्याने धूर धुतला की जिप्सम तयार होते.

सूट देणाऱ्यांचा युक्तिवाद असा की आपल्या कोळशात गंधक कमी, हवेतही त्याचे प्रमाण मर्यादेत. त्यात तथ्य आहे, आणि बोरीच्या पाण्यापुरते बोलायचे तर चिंता फारशी नाही. पण गंधकाच्या धुरापासून बनणारे बारीक कण फुप्फुसात जातात, तिथे चुनखडी नसते. शिवाय महाराष्ट्राची सगळी जमीन खान्देशासारखी नाही. महाबळेश्वरच्या पठारावर आणि कोकणात जांभा आहे. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातला चुना कधीच धुऊन नेला. तिथली पेटी आधीच हलकी. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून वाहतो, म्हणजे देशावरचा धूर सह्याद्रीकडे जातो. स्वीडन-ब्रिटनचे नाते इथे एका राज्याच्या आत जुळते.

आंबट ओढे भारतात बघायचेच असतील तर मेघालयात जयंतिया टेकड्यांत जावे. तिथले आम्ल आभाळातून आलेले नाही. गंधकाने भरलेल्या कोळशाच्या उघड्या टाकलेल्या खाणींतून ते झिरपते. लुखा नदी हिवाळ्यात गडद निळी होते. पर्यटक फोटो काढतात. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१४ मध्ये उंदराच्या बिळासारख्या त्या खाणींवर बंदी घातली, पण बंद बिळांतून आम्ल झिरपतच राहिले.

खान्देशाच्या नाल्यांचे दुखणे आम्लाचे नाही, कोरडेपणाचे आहे. तरी पेटी रिकामी होण्याची रीत तीच. संत सखाराम महाराजांच्या यात्रेला वैशाखात बोरीच्या पात्रात माणसे मावत नाहीत, पाणी मात्र शोधावे लागते. उपसा करणाऱ्या बोअरनी तापीच्या गाळाखालचे पाणी काढले, ट्रॅक्टरांनी वाळू काढली. नाला वरून जसाच्या तसा दिसत राहिला आणि खालून मोकळा झाला. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून नाले रुंद आणि खोल करून, पिवळ्या चिकण थराच्या खालपर्यंत पाणी पोचेल अशी बंधाऱ्यांची माळ उभी केली. आमदार अमरीशभाई पटेल पाठीशी होते. विहिरींना पाणी आले. लगेच ‘शिरपूर पॅटर्न’ राज्यभर नेण्याची घाई सुरू झाली, तेव्हा भूजलाच्या अभ्यासकांनी टोकले ते योग्यच होते : तापीच्या गाळात जे साधते ते कठीण बसाल्टात नाला खरवडून साधत नाही. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने दुसरी वाट धरली. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी १९९० च्या दशकापासून चारशे हेक्टरांहून अधिक जंगल कुऱ्हाडबंदी करून राखले, आणि टेकडीच्या झऱ्यांनी उन्हाळा काढायला सुरुवात केली. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. झरा जिवंत व्हायला मात्र पुरस्काराच्या कितीतरी आधी, दहा-पंधरा पावसाळे लागले होते.

हबर्ड ब्रुकच्या वह्या आजही भरल्या जातात. तसे पाहिले तर बोरीच्या काठी हे काम अवघड नाही. प्रताप महाविद्यालय इथे १९४५ पासून आहे, आणि सामू मोजायचे यंत्र ही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली नेहमीची वस्तू. गच्चीवर एक प्लॅस्टिकचे नरसाळे आणि खाली स्वच्छ बाटली पुरते. दुसरी बाटली हिंगोणा पुलाखालून असो की सखाराम महाराजांच्या समाधीजवळून, पण दर वेळी एकाच जागेवरून भरायची. एक पथ्य तेवढे कडक आहे. नरसाळ्यावर झाकण हवे, कारण उघडे ठेवले तर पावसाआधीच त्यात मे महिन्याची धूळ पडेल आणि यंत्र आभाळाऐवजी आपल्या शेतांचा सामू दाखवेल. थेंब पडू लागले की झाकण काढायचे, थांबले की लावायचे, आणि बाटलीवर तारीख घालायची.